धाकट्याची फाईल

माझा धाकटा भाऊ २०१९ च्या फेब्रुवारीत आजारी पडला. हा आजार आहे, हे कळायलाच आम्हाला तीन आठवडे गेले. रात्र रात्र जागा राहायचा, बोलणं थांबायचं नाही. पगाराच्या दिवशी एसटी स्टँडवर ओळख ना पाळख अशा माणसांना पैसे वाटून आला. साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला असलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा मुलगा. शेवटी पुण्यातल्या एका खासगी मनोविकार रुग्णालयात दाखल केलं. तिथं एकोणीस दिवस होता. निदान झालं बायपोलर आजाराचं आणि बिल झालं १ लाख १२ हजार ६०० रुपये. वडिलांनी २०१४ साली त्याच्या नावावर तीन लाखांचा मेडिक्लेम काढला होता. हप्ता एकदाही चुकला नव्हता. मी पतसंस्थेत काम करते, कागदांची मला सवय आहे. फाईल लावली, कुरिअर केली आणि निश्चिंत झाले.

दीड महिन्यानं पत्र आलं. क्लेम नामंजूर.

त्यानंतरच्या वर्षांत जे कळत गेलं ते इथं लिहिते आहे. ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात करू नये, एवढीच इच्छा.

१. पॉलिसीत छापलेलं अखेरचं नसतं

पत्रात कारण एका ओळीचं होतं: अमुक कलमानुसार मानसिक विकारांवरचे उपचार या पॉलिसीत वगळलेले आहेत. पॉलिसी काढून पाहिली, तर ते कलम खरोखर छापलेलं होतं. वडील म्हणाले, "लिहूनच दिलंय त्यांनी, मग भांडायचं कशावर?" दोन दिवस मलाही तेच पटलं होतं.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना पत्र दाखवलं. त्यांनी विचारलं, "पॉलिसीचं नूतनीकरण कधी झालं?" जून २०१८. "मग हे कलम त्यांना लावताच येत नाही," ते म्हणाले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, आणि तो लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम २१ च्या चौथ्या पोटकलमात विमा कंपन्यांना सरळ सांगितलं आहे की, शारीरिक आजाराला ज्या आधारावर आरोग्य विमा मिळतो त्याच आधारावर मानसिक आजारालाही तो द्यावा लागेल. त्यावर १६ ऑगस्ट २०१८ ला विमा नियामकानं, म्हणजे 'इर्डाई'नं, सगळ्या कंपन्यांना परिपत्रक काढून याची तात्काळ अंमलबजावणी करायला सांगितलं होतं. आमचा भाऊ दाखल झाला त्याच्या सहा महिने आधी.

म्हणजे कायदा बदलला होता आणि कंपनीची छापील पुस्तिका मात्र जुनीच राहिली होती. ती चूक होती की सोय, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तिचा भार आमच्यावर टाकला गेला, हे नक्की. पुढे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात स्पष्ट केलं की, कायदा लागू झाल्यापासून असं वगळण्याचं कलम दाखवून क्लेम नाकारता येत नाही. त्यानंतरही ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा सांगावं लागलं की, ३१ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक पॉलिसीत मानसिक आजाराचा समावेश झालाच पाहिजे. जे संसदेनं एकदा सांगितलं ते कंपन्यांना इतक्यांदा सांगावं लागलं. मधल्या चार वर्षांत किती घरांनी ते एका ओळीचं पत्र वाचून फाईल कपाटात ठेवली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

२. आजाराचं नाव कागदावर येऊ द्या

दाखल करताना आईनं डॉक्टरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. "नुसता अशक्तपणा लिहा हो. त्याचं लग्न व्हायचंय अजून." डॉक्टरांनी तिला बसवलं, पाणी दिलं, पण जे आहे तेच लिहिलं. आईला राग आला होता. मलाही थोडा आला होता. आज वाटतं, त्या दिवशी त्यांनी आमचं ऐकलं असतं तर पुढची एकही लढाई उभी राहिली नसती. अशक्तपणासाठी एकोणीस दिवस कोण दाखल करतं? आणि कायद्यानं दिलेलं संरक्षण मानसिक आजाराला आहे. तो आजार कागदावरच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर?

नवीन पॉलिसी घेतानाही हेच. "गोळ्या चालू आहेत ते लिहू नका, पास होणार नाही," असा सल्ला देणारा एजंट आम्हालाही भेटला. त्याचं ऐकायचं नाही. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर येतो, आणि मग पॉलिसीच रद्द होऊ शकते. सांगितलेल्या आजाराला सहसा प्रतीक्षा कालावधी लागतो. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत आधीपासूनच्या आजारासाठीची ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने केली आहे, पूर्वी ती ४८ होती. सलग ६० महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आणि मानसिक आजार आहे म्हणून दारच बंद, असंही आता उरलेलं नाही. अपंगत्व, एचआयव्ही किंवा मानसिक आजार असलेल्यांसाठी किमान एक पॉलिसी ठेवणं आरोग्य विमा देणाऱ्या प्रत्येक कंपनीला २०२३ पासून बंधनकारक आहे. एजंट ती आपणहून दाखवत नाहीत, नाव घेऊन मागावी लागते.

३. डिस्चार्ज समरी तिथंच उभं राहून वाचा

रुग्ण घरी न्यायच्या घाईत आपण तो कागद घडी घालून पिशवीत टाकतो. मीही टाकला. कायदा दाखवल्यावर कंपनीला पहिलं कारण टिकवता येईना तेव्हा त्यांनी त्याच कागदातून दुसरं शोधलं. वरच्या ओळीत 'निरीक्षण व तपासणीसाठी दाखल' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. केवळ तपासणीसाठी दाखल होणं हे विम्याच्या नेहमीच्या अपवादांपैकी एक आहे. केवळ विश्रांती किंवा पुनर्वसनासाठी दाखल होणं हा दुसरा. खाली एकोणीस दिवसांची औषधं, रात्रीची इंजेक्शनं, रक्तातल्या लिथियम या औषधाच्या पातळीच्या नोंदी असं सगळं होतं. पण बोट ठेवलं गेलं पहिल्या ओळीवर.

डॉक्टरांकडून एक पत्र घेतलं. रुग्ण दाखल करण्यावाचून गत्यंतर का नव्हतं, घरी ठेवलं असतं तर त्याला आणि इतरांना कोणता धोका होता आणि रोज काय उपचार झाले, हे त्यात तारखांसकट आलं. सोबत नर्सिंगच्या नोंदींच्या प्रती. त्या द्यायला रुग्णालयातल्या बाईंनी आधी कुरकुर केली. स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मिळण्याचा हक्क रुग्णाला याच कायद्याच्या कलम २५ नं दिला आहे, हे सांगितल्यावर चार दिवसांत प्रती मिळाल्या.

आजार कधीपासून आहे, त्या ओळीकडेही नीट बघा. घाबरलेली आई डॉक्टरांना सांगते, "लहानपणापासूनच हट्टी आहे हो." ते वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरलं तर क्लेम बघणारा माणूस त्यातून लहानपणापासूनचा आजार काढू शकतो.

४. रुग्णालयाची नोंदणी विचारा

मानसिक आजारावर उपचार करणाऱ्या संस्थेला या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, आणि बहुतेक पॉलिसींत तशी अटही असते. दाखल करण्याआधी विचारायला एक मिनिट लागतं.

५. तोंडी नकार घेऊ नका

फोनवर मला तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन कारणं सांगितली. कॉल सेंटरवरच्या मुलांवर माझा राग नाही, त्यांच्यापुढे जे असतं ते ती वाचतात. पण फोनवरच्या बोलण्याला पुढे कुठंच किंमत नसते. तेव्हापासून एक नेम केला. प्रत्येक फोननंतर त्याच दिवशी ई-मेल करायचा: आज अमुक वाजता असं सांगण्यात आलं, ते कोणत्या कलमाखाली, हे लेखी कळवावं.

आता नियमही बाजूनं आहे. २९ मे २०२४ च्या मुख्य परिपत्रकानुसार कंपनीच्या समितीनं पाहिल्याशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नाकारलाच तर पॉलिसीतली नेमकी अट दाखवून नाकारावा लागतो. कॅशलेसच्या परवानगीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं भरायचे. डिस्चार्जच्या दिवशी दुपारी बाराला सुटलेला रुग्ण रात्री नऊपर्यंत काउंटरजवळच्या बाकावर बसलेला मी पाहिला आहे. मन नुकतंच सावरत असलेल्या माणसासाठी ते नऊ तास काय असतात, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

६. लोकपालांच्या दारी वकील लागत नाही

पायऱ्या सोप्या आहेत, पण क्रम चुकवायचा नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. कंपनीच्या अखेरच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही. वकील किंवा एजंट बाजू मांडायला चालत नाही, ज्याची पॉलिसी त्यानंच तक्रार करायची. आमच्या वेळी तीस लाखांपर्यंतचे वाद तिथं चालत, आता पन्नास लाखांपर्यंतचे चालतात.

'ज्याची पॉलिसी त्यानंच' या अटीनं माझी झोप उडाली होती. धाकट्याला त्या जागी बसवायचं? नोव्हेंबरात सुनावणीची तारीख आली. तोवर तो बरा होता, पण लिथियमनं हात थरथरायचे आणि त्याची त्याला लाज वाटायची. आदल्या रात्री मी त्याला म्हटलं, "तू फक्त बस, मी बोलते." तो काहीच बोलला नाही.

पुण्यात नारायण पेठेत केळकर रस्त्यावर हे कार्यालय आहे. मी कोर्टासारखं काहीतरी डोळ्यांपुढे आणलं होतं. होती एक साधी खोली, एक लांब टेबल. पलीकडे कंपनीचा तरुण प्रतिनिधी, अलीकडे आम्ही. मला शेजारी बसू दिलं. लोकपालांनी कंपनीला आधी बोलू दिलं. मग ते धाकट्याकडे वळले आणि विचारलं, "तुम्हाला काय झालं होतं?"

मी तोंड उघडणार तोवर त्यानं सांगायला सुरुवात केली होती. झोप कशी गेली, स्टँडवर काय केलं, दाखल झाल्यावर पहिले चार दिवस काहीच आठवत नाहीत, मग हळूहळू काय आठवतं. हात टेबलावर होते, थरथरत होते, त्यानं ते लपवले नाहीत. "आता रोज गोळी घेतो. कामावर परत गेलोय," एवढं म्हणून थांबला. आमच्या घरात नऊ महिने कुणीच त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. सगळे मलाच विचारायचे, तो कसा आहे.

लोकपालांनी कंपनीला एकच विचारलं: जून २०१८ मध्ये पॉलिसीचं नूतनीकरण करताना कायदा लागू होता की नव्हता? निकाल आमच्या बाजूनं लागला. विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे पैसे वजा जाऊन १ लाख ३ हजार ४०० रुपये मिळाले. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ३० दिवसांत पाळावा लागतो, आणि आता तो न पाळल्यास तक्रारदाराला दिवसाला ५ हजार रुपये द्यावे लागतात. आपल्याला मात्र तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा असतो. तिथं मुदत दोन वर्षांची आहे.

७. बरोबरी रुग्णालयाच्या दाराशी थांबते

हे मला सगळ्यात जास्त खुपतं. कायदा म्हणतो, शारीरिक आजाराच्या बरोबरीनं. आपल्याकडचा बहुतेक आरोग्य विमा दाखल झाल्यावरच, तेही साधारण चोवीस तासांच्या वर, पैसे देतो. अपेंडिक्सच्या माणसाचा जवळपास सारा खर्च दाखल असतानाच होतो. मनाच्या आजाराचा तसा होत नाही. एकोणीस दिवस रुग्णालयात, आणि पुढे सगळं आयुष्य बाहेर: दर महिन्याची तपासणी, गोळ्या, लिथियमची पातळी, थायरॉईड आणि किडनीच्या चाचण्या, आणि समुपदेशन. पुढची काही वर्षं धाकटा पुन्हा दाखल झाला नाही, तो या बाहेरच्या उपचारांमुळेच. आणि विमा नेमका त्यालाच पैसे देत नाही. दाखल झालास तर देऊ, दाखल होऊ नयेस म्हणून काही देणार नाही. बरोबरी अक्षरशः पाळली गेली आणि तरी माणूस उघडाच राहिला.

यावर मला पुरा तोडगा सापडलेला नाही. ओपीडीचं वेगळं कवच मिळतं, पण घेताना समुपदेशन त्यात धरलं आहे का, हे विचारावं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. आमचे त्यात वाचलेले पैसे समुपदेशनाच्या भेटींकडे वळवले. आणि सरकारी रुग्णालयाला नाक मुरडायचं सोडलं. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत मिळावीत, असं हाच कायदा म्हणतो, आणि लिथियम त्या राष्ट्रीय यादीत आहे. गोळ्या संपल्या असतील तर तसं लेखी मागायचं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं झालं तर १४४१६ वर 'टेली-मानस' आहे, मराठीत बोलता येतं.

८. दारूचा उल्लेख

आमच्या आळीतल्या एका घरातली गोष्ट. नैराश्यानं खचलेला माणूस, त्यातून दारू वाढली, दाखल केला. क्लेम नाकारला तो व्यसनाच्या कलमाखाली. हे कलम आजही विम्याच्या प्रमाणित अपवादांत आहे. दुसरीकडे कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरलेल्या आहेत. म्हणजे एका कागदावर तो रुग्ण आहे आणि दुसऱ्यावर अपवाद. माझ्या मते ही गाठ नियामकानं सोडवायला हवी. तोवर एवढंच करता येतं: उपचार नैराश्यावर झाले असतील तर मुख्य निदान म्हणून ते स्वच्छ लिहिलेलं हवं. खोटं लिहून घ्यायचं नाही, खरं पूर्ण लिहून घ्यायचं.

९. ज्यांच्याकडे विमा नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पूर्वी दीड लाख होते. पण उपचार योजनेच्या यादीत असावा लागतो आणि रुग्णालय योजनेत असावं लागतं. मानसिक आजाराच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी दाखल करण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पक्क्या करून घ्या, किंवा १५५३८८ वर विचारा. माझी मावसबहीण गोव्यात असते. तिथं २०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. तिथंही आधी यादी पाहायची.

१०. आत दडलेला आकडा

एका एजंटानं आम्हाला दहा लाखांची पॉलिसी दाखवली होती. आत मानसिक आजाराची मर्यादा होती पन्नास हजार. पॉलिसीसोबत आता ग्राहक माहितीपत्रक द्यावं लागतं, त्यात अशा मर्यादा लिहिलेल्या असतात. ते वाचायला आणि नको असेल तर पॉलिसी परत करायला तीस दिवस मिळतात. धाकट्याची जुनी पॉलिसी आम्ही सोडलेली नाही. क्लेम घेतला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, आणि वर्षागणिक तिची ताकद वाढत जाते.

२०२३ च्या पावसाळ्यात तो पुन्हा बारा दिवस दाखल होता. या वेळी झोप बिघडल्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यानं स्वतःहून सांगितलं होतं, "ताई, झोप कमी झालीय, डॉक्टरांकडे जाऊ." कॅशलेसचा फॉर्म आला तेव्हा मी सवयीनं पेन काढलं. त्यानं फॉर्म स्वतःकडे ओढला. आजाराच्या रकान्यापाशी आई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं लिहिलं, सही केली, आणि पॉलिसीचा नंबर मला न विचारता पाठ म्हणून टाकला. तेव्हापासून फाईल त्याच्या कपाटात असते.